बुडबुडे मोजू नका, आकडा बघा : घरच्या बिअरच्या पहिल्या बादलीतल्या अडचणी

(ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)

आधी कायद्याचं बोलून घेऊ, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करायलासुद्धा १९६३ सालापर्यंत परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. तेव्हापासून इथे घरच्यासाठी बिअर करायला कुणाला विचारावं लागत नाही. विकायची मात्र नाही, आणि ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढायची तर मुळीच नाही. तो परवान्याशिवाय गुन्हाच आहे. अमेरिकेत १९७८ साली संघराज्याच्या पातळीवर मोकळीक मिळाली, पण अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांना २०१३ उजाडावं लागलं. आणि जे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून हे ऐकतायत त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे. तेव्हा तुम्ही आजचं व्याख्यान जीवशास्त्र म्हणून ऐका. दही, इडली, लोणचं करताना त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

बिअर कशी करायची हे मी आज सांगणार नाही. ते डब्यासोबतच्या कागदावर असतं. माल्टच्या काढ्याचा डबा, यीस्टची पुडी, २३ लिटरची खूण असलेली प्लॅस्टिकची बादली, झाकणाला एअरलॉक. हे तुम्ही आणलंय आणि एकदा करून बघितलंय किंवा बघणार आहात, असं मी धरून चालतो. आपण बोलणार आहोत ते त्या कागदावर नसतं त्याबद्दल. म्हणजे बिघडलं तर काय झालं असेल, ते कसं ओळखायचं, आणि कुठली चूक नुसती चव बिघडवते आणि कुठली चूक माणसाला टाके घालायला लावते.

कारण हा फरक आहे, बरं का. बिअरला आंबट वास आला तर ओतून द्यायची, शंभर-दोनशे रुपयांच्या... म्हणजे इथल्या हिशेबानं वीस-पंचवीस पौंडांचा प्रश्न आहे. काचेची बाटली फुटली तर प्रश्न डोळ्याचा असतो.

आता मुळापासून. माल्टचं गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, त्यात यीस्ट टाकणं म्हणजे दुधाला विरजण लावणं. हे नुसतं उपमा म्हणून म्हणत नाही. दोन्हीकडे काम तेच आहे. एका खाद्यावर आपल्याला हवे ते सूक्ष्मजीव भरपूर संख्येनं सोडायचे, त्यांना आवडेल एवढी ऊब द्यायची, आणि नको ते सूक्ष्मजीव आत यायच्या आधी त्यांनी जागा बळकवावी अशी व्यवस्था करायची. थंडीत दही लागत नाही म्हणून आपली आई पातेलं पिठाच्या डब्यात किंवा गोधडीत ठेवायची. विरजण जुनं असेल तर दही तारेचं होतं. ओला चमचा लोणच्याच्या बरणीत गेला की बुरशी. बिअरच्या अडचणींची सगळी यादी या तीन वाक्यांत आली : तापमान, यीस्टची तब्येत, स्वच्छता. चौथी एकच उरते, ती म्हणजे घाई. आणि तीच सगळ्यात महागात पडते.

हे सूक्ष्मजीवांचं प्रकरण आहे, हे बिअरवाल्यांना तरी कुठे फार आधी कळलं? लुई पाश्चर १८७१ साली लंडनला व्हिटब्रेडच्या कारखान्यात गेला होता. तिथल्या बिअरचे नमुने त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि कुठल्या पिंपात काय शिरलंय ते सांगितलं. त्यानंतर लवकरच त्या कारखान्यानं स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक १८७६ चं. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एका पेशीपासून यीस्टचं शुद्ध बियाणं वाढवून दाखवलं. तुमच्या हातात येणारी ती ११ ग्रॅमची कोरडी पुडी त्याच कामाची नात-पणती आहे. म्हणून तिचा मान ठेवा. तारीख उलटून गेलेली, सहा महिने स्वयंपाकघराच्या खिडकीत तापलेली पुडी वापरू नका. नवी आणून फ्रिजमध्ये ठेवा.

तर पहिली तक्रार. "काल यीस्ट टाकलं, एअरलॉकमध्ये एकही बुडबुडा नाही." यावर माझं पहिलं उत्तर नेहमी एकच : झाकण उघडू नका, चोवीस तास थांबा. यीस्टला जम बसवायला बारा ते चोवीस तास लागतात. थंडी असेल तर दोन दिवस, कधी तीनही. दुसरं, प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण फार क्वचित हवाबंद बसतं. वायू कडेनं निघून जातो आणि एअरलॉक मख्ख बसून राहतो, आत मात्र फेसाचा थर चढलेला असतो. बादलीच्या बाहेरून टॉर्च लावून बघा, फेस आणि त्याची तपकिरी कड दिसली की झालं. काम चालू आहे.

आणि याच्या उलटही खरं आहे. बुडबुडे येतायत म्हणजे आंबवण चालूच आहे असं नाही. द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खोली तापली की बाहेर पडतो. दुपारी हीटिंग लागलं की बुडबुडे, रात्री बंद झालं की शांत. काही मंडळी यावरून "परत सुरू झालं" असा निष्कर्ष काढतात. बुडबुडे फक्त एवढंच सांगतात की वायू बाहेर पडतोय. का पडतोय ते सांगत नाहीत. एअरलॉक हे दार आहे, मीटर नाही.

मीटर वेगळा आहे आणि तो सात-आठ पौंडांत मिळतो. हायड्रोमीटर. काचेची तरंगती कांडी. साखर विरघळलेलं पाणी जड असतं, त्यात कांडी उंच तरंगते. साखरेची दारू झाली की द्रव हलका होतो, कांडी खाली बसते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. साध्या बिअरचा वर्ट सुरुवातीला १.०४० ते १.०५० असतो. आंबून झाल्यावर १.००८ ते १.०१४ च्या आसपास येतो. दोन आकड्यांतला फरक १३१ नं गुणला की दारूचं प्रमाण टक्क्यांत मिळतं. १.०४५ वरून १.०१० वर आली, फरक ०.०३५, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जरा वर. हिशेब झाला.

पण आकडा नीट घ्यायचा. कांडी आधी साध्या पाण्यात बुडवून तपासा. ती १.००२ दाखवत असेल तर प्रत्येक मापातून दोन वजा करा. आजकालच्या कांड्या बहुधा २० अंश सेल्सिअसला बेतलेल्या असतात. गरम द्रवात आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कांडीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, म्हणून तिला चुटकीनं एक गिरकी द्या. आणि नमुना परत बादलीत ओतू नका. चाखा आणि संपवा. चाखण्यातूनही कळतं : गोड लागतंय का?

डबा वापरणाऱ्यांना अजून एक गोष्ट फसवते. डब्यातला घट्ट काढा थोड्या गरम पाण्यात विरघळवून वर गार पाणी ओततात. ते नीट ढवळलं नाही तर खाली जड आणि वर पातळ असे थर राहतात. मग सुरुवातीचा आकडा १.०३० किंवा १.०६० असा काहीतरी विचित्र येतो आणि माणूस घाबरून वर साखर टाकतो. घाबरू नका. डब्यातलं सगळं आत गेलं असेल आणि पाणी खुणेपर्यंत असेल तर खरा आकडा कागदावर लिहिलाय तोच आहे. ढवळा मात्र जोरात. यीस्ट टाकायच्या आधी खळखळून ढवळलेलं चांगलंच, कारण यीस्टला वाढायला सुरुवातीला प्राणवायू लागतो. एकदा आंबवण सुरू झाली की मग उलट नियम : हवा लागू द्यायची नाही. हवा लागलेल्या बिअरला महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि त्यावर इलाज नाही.

आता "अडकलं" ही तक्रार. आकडा १.०२० वर आला आणि बसला. माल्टच्या काढ्याच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की लोकांनी या आकड्याचा धसकाच घेतलाय. कारण बहुतेक वेळा गारठा. इथल्या घरात हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद होतं, खोली १४-१५ अंशांवर येते, आणि १८ ते २० अंशांत खूष असणारं एल यीस्ट तळाशी जाऊन झोपतं. बादली गरम खोलीत आणा, २० ते २२ अंशांपर्यंत हळूहळू येऊ द्या, निर्जंतुक केलेल्या लांब चमच्यानं तळाचा गाळ अलगद हलवा, घुसळू नका. तीन दिवस थांबा. तरी आकडा ढिम्म असेल, तर नवी पुडी कोमट पाण्यात जागी करून टाका. त्याहीनं हललं नाही तर माल्टमधल्या काही साखरा यीस्टला पचतच नाहीत आणि तेवढंच व्हायचं होतं, हे मान्य करायचं. पण हा शेवटचा निष्कर्ष आहे, पहिला नाही.

उलट टोकाला, बादली लवकर व्हावी म्हणून गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवणारे. आंबवण स्वतःच उष्णता निर्माण करते. खोली २२ असेल तर बादलीच्या आत २५-२६ सहज होतं. एवढ्या उकाड्यात यीस्ट भराभर काम उरकतं, पण मागे नेलपॉलिशसारखा वास, जास्त पिकलेल्या केळ्याचा वास आणि डोकं दुखवणारे जड अल्कोहोल ठेवून जातं. बादलीला चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, ती घ्या. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून वर ओला टी-शर्ट घाला. माठाला ओलं फडकं गुंडाळायची आपली युक्ती, तीच.

ताज्या बिअरला लोण्याचा वास आला किंवा हिरव्या सफरचंदाचा आला, तर बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, अर्धवट असते. हे दोन्ही पदार्थ यीस्ट वाटेत तयार करतं आणि शेवटी स्वतःच परत खातं. त्याला वेळ द्या. गाळावर अजून तीन-चार दिवस राहिली म्हणून बिअरचं काही बिघडत नाही. कागदावर पाच-सात दिवस लिहिलेले असतात; मी दोन आठवडे म्हणतो. यीस्टला कॅलेंडर वाचता येत नाही.

स्वच्छतेकडे वळू. इथे मराठी घरातल्या माणसाला फारसं शिकवावं लागत नाही. लोणच्याची बरणी आपण काय करतो? आधी घासून धुतो, मग उन्हात खडखडीत वाळवतो, मग काही घरांत हिंगाची धुरी देतात. म्हणजे धुणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. बिअरमध्येही नेमकं हेच दोन टप्पे आहेत आणि बहुतेक नवशिके त्यांचा एक करतात. चिकट, माल्ट वाळलेल्या बादलीत निर्जंतुक करणारं औषध ओतून उपयोग नाही. थराच्या खालचे जंतू मजेत राहतात. आधी गरम पाणी आणि सोडियम परकार्बोनेटवाली, वास नसलेली पावडर घालून भिजत ठेवा, मऊ स्पंजनं पुसा, खळाळून धुवा. घासणीचा खरबरीत काथ्या लावू नका. प्लॅस्टिकवर पडलेल्या चऱ्यांमध्ये जंतू कायमचे राहायला येतात. चरे पडलेली बादली तांदूळ ठेवायला वापरा.

मग दुसरा टप्पा. फॉस्फोरिक आम्लावर बेतलेलं स्टार सॅन हे इथे सहज मिळतं. लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि परत धुवायचं नाही. फेस राहतो, त्या फेसाला घाबरायचं नाही. धुतलंत तर नळाच्या पाण्यातले जंतू परत लावलेत. स्प्रेच्या बाटलीत भरून हाताशी ठेवा : कात्री, पुडीची कड, चमचा, नळी, बोटं, सगळं ओलं करा.

घरातलं ब्लीच वापरायचा मोह अनेकांना होतो. माझं मत : नको. एक तर ते खूप धुवावं लागतं. दुसरं, क्लोरीनचा अंश राहिला तर माल्टमधल्या फिनॉलशी मिळून औषधी वास तयार होतो, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा, दवाखान्याचा. तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो आणि जात नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं : ब्लीच कधीही आम्लात मिसळू नका. व्हिनेगरमध्ये नाही, स्टार सॅनमध्ये नाही. क्लोरीन वायू निघतो आणि तो छोट्या न्हाणीघरात जीवघेणा ठरू शकतो.

बादलीच्या खाली नळ असेल तर तो संशयित क्रमांक एक. दर वेळी खोलून, सुटे भाग करून धुवा. "सगळं स्वच्छ ठेवतो तरी आंबट होते" म्हणणाऱ्याला मी आधी नळाबद्दल विचारतो.

आता बाटल्या. इथे जरा निवांत थांबू या, कारण धोका इथेच आहे.

बाटलीत फेस कसा येतो? बादलीतली बिअर जवळपास सपाट असते. बाटलीत भरताना तिच्यात मोजकी साखर घालतात, उरलेलं यीस्ट ती खातं, वायू तयार होतो, बूच लावलेलं असल्यानं तो बिअरमध्येच विरघळतो. हिशेब असा. लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका एक पट वायू. २० अंशाला आंबलेल्या बिअरमध्ये आधीच पाऊण-एक पट असतो. आपल्याला एकूण सव्वादोन-अडीच पट हवा. म्हणजे लिटरला सुमारे ६ ग्रॅम. २० लिटरला १२० ग्रॅम. इंग्लिश पबसारखी मऊ बिअर आवडत असेल तर ९० ग्रॅम पुरेत. अडीच पट वायूला खोलीच्या तापमानात बाटलीत जो दाब असतो तो मोटारीच्या टायरपेक्षा किंचित कमी. म्हणजे नीट भरलेली बाटलीसुद्धा फुगलेलं टायर आहे, हे लक्षात ठेवा.

आता घाई केली तर काय होतं ते बघा. समजा बिअर १.०१० वर थांबणार होती आणि तुम्ही ती १.०१६ वर बाटलीत भरली, कारण बुडबुडे थांबले होते. ते सहा अंक म्हणजे लिटरला साधारण १२ ग्रॅम साखर अजून शिल्लक. त्याचा तीन पट वायू. वरून तुमची मोजून घातलेली साखर. एकूण पाच पटांच्या वर. दाब टायरच्या दुपटीहून जास्त. शॅम्पेनमध्ये सहा पटांच्या आसपास असतो, पण म्हणून शॅम्पेनची बाटली तेवढी जाड असते आणि तिचं बूच तारेनं बांधलेलं असतं. साध्या बिअरच्या बाटलीत मी तीनच्या पुढे जाणार नाही. पाचला ती फुटेलच असं नाही. पण चाळीस बाटल्यांत एखादीला बारीक तडा असतोच, आणि ती फुटली की तिचे तुकडे शेजारणीला फोडतात.

म्हणून नियम. आकडा दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा घ्या. तो तसाच राहिला पाहिजे. आणि तो कागदावर सांगितलेल्या शेवटच्या आकड्याच्या जवळ असला पाहिजे. या दोन्ही अटी. १.०२० वर दोनदा तोच आकडा आला म्हणजे बिअर झाली नाही, बिअर झोपली आहे. बाटलीत तिला ऊब मिळाली की ती उठेल.

साखर प्रत्येक बाटलीत चमच्यानं घालू नका. अर्ध्या लिटरच्या बाटलीला सपाट अर्धा चमचा म्हणजे दोन-अडीच ग्रॅम, ठीक. पण हात सैल असेल आणि चमचा शिगोशीग भरला तर पाच-सहा ग्रॅम, म्हणजे लिटरला दहा-बारा. तिथेच सगळं गणित बिघडलं. त्याऐवजी सगळी साखर वजन करून थोड्या पाण्यात उकळा, दुसऱ्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओता, आणि गाळ मागे ठेवून बिअर नळीनं तिच्यावर अलगद सोडा. नळीचं टोक द्रवाच्या खाली राहू द्या, धबधबा नको. फिरत आत येताना ती मिसळते. वाटलं तर एकदा हळूच ढवळा. साखर तळाशी बसली तर शेवटच्या बाटल्या बाँब आणि पहिल्या सपाट.

बाटल्या कुठल्या? पबमधून किंवा दुकानातून आलेल्या तपकिरी, दाबून बूच लावायच्या, बिअरच्याच. पिळून उघडायच्या बुचाच्या नकोत, त्यांच्यावर नवं बूच नीट बसत नाही. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणाऱ्या चौकोनी, चिमट्याच्या बुचाच्या बाटल्या तर अजिबात नकोत. त्या तेल आणि सरबत ठेवायला असतात, दाब सोसायला नाही. तपकिरीच का, तर उजेडानं हॉप्समधल्या कडू द्रव्याची मोडतोड होऊन स्कंक नावाच्या अमेरिकेतल्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. हिरवी काच हे फारसं थांबवत नाही. बाटली वरून तीन-चार सेंटिमीटर रिकामी ठेवा.

पहिल्याच वेळेला माझा सल्ला असा की निदान दोन-तीन प्लॅस्टिकच्या सोडावॉटरच्या बाटल्या बरोबर भरा. त्या दाबून बघता येतात. मऊ आहे, वायू तयार होतोय. टणक झाली, तयार झाली. दगडासारखी झाली आणि बूड फुगायला लागलं, तर काचेच्या सगळ्या बाटल्यांमध्येही तेच चाललंय. दोन पेनीच्या वस्तूत तुम्हाला दाबाचा मीटर मिळाला.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे १८ ते २० अंशांत, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवा. पलंगाखाली नाही. मुलांच्या खोलीत नाही. मग गारठ्यात हलवा.

प्रश्नोत्तरे

श्रोता : माझ्या बादलीत वर पांढरा पापुद्रा आलाय, सुरकुत्यांचा. फेकून द्यायची का?

आधी तो नक्की काय आहे ते बघू. तपकिरी फेसाचे पुंजके, यीस्टचे तरंगते गोळे, बादलीच्या कडेचा काळपट चिकट थर, हे सगळं नेहमीचं आहे. सुरकुतलेला, कोरडा दिसणारा, बुडबुड्यांवर ताणलेला पापुद्रा म्हणजे रानटी यीस्ट किंवा जिवाणू आत आलेत. चांगल्या बिअरमध्ये दारू, आम्लता आणि हॉप्स यांमुळे माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जंतू सहसा टिकत नाहीत, तेव्हा नमुना चाखायला हरकत नाही. ती आंबट असेल आणि आंबट आवडत असेल तर प्या, पण बादलीतूनच. काचेच्या बाटलीत भरू नका, कारण हे रानटी यीस्ट तुमच्या यीस्टला न पचणाऱ्या साखराही हळूहळू खात राहतं आणि तीन महिन्यांनी बाटली फोडतं. केसाळ, हिरवी-काळी बुरशी असेल तर मात्र चाखूही नका, ओता.

श्रोती : ब्लीच कधीच वापरलं नाही, तरी औषधाचा वास आला.

मग नळाचं पाणी. इथल्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामिन असतं. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामिन लवकर जात नाही. कॅम्पडेनची गोळी मिळते, एका बादलीला अर्धी पुरते. चुरून पाण्यात टाका, थोडा वेळ थांबा, मग काढा घाला.

श्रोता : तीन आठवडे झाले, बाटल्या सपाटच आहेत.

कुठे ठेवल्यात? ...गॅरेजमध्ये. जानेवारीत. बरं. घरात आणा, एकेक बाटली हळूच उलटी-सुलटी करा म्हणजे गाळ उठेल, आणि दोन आठवडे थांबा. कृपा करून बूच उघडून वर साखर घालू नका. आधीची साखर तिथेच आहे. एकच बाटली सपाट असेल तर बूच नीट बसलं नव्हतं. सगळ्या असतील तर गारठा. हे "एक की सगळ्या" नेहमी विचारावं. उतू जाणारी एकच बाटली म्हणजे ती बाटली अस्वच्छ. सगळ्याच उतू जातायत म्हणजे लवकर भरली, साखर जास्त झाली, किंवा अख्खी बादलीच बाधली.

श्रोती : आमच्याकडे कालच एक फुटली. बाकी अडतीस कपाटात आहेत. काय करू?

आधी कपाटाचं दार बंद ठेवा आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. बाटल्या उचलून हलवायला जाऊ नका, पहिला अर्धा दिवस तर नाहीच. बाहेर थंडी आहे. त्या खोलीचं हीटिंग बंद करा, खिडकी उघडी टाका. गार झाल्यावर वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. उद्या जाल तेव्हा डोळ्यांना बंदिस्त गॉगल, चष्मा पुरत नाही. जाड हातमोजे, लांब बाह्यांचं जाड जॅकेट, गळ्याभोवती मफलर. बाटल्यांवर आधी जाड ओला टॉवेल टाका. मग टॉवेलमध्ये गुंडाळूनच एकेक घ्या, तोंड स्वतःकडे नको, आणि उघडण्यानं बूच एका कडेनं जरासं उचला. वायू फुसफुसत जाऊ द्या, पूर्ण काढू नका. फेस येईल, येऊ द्या. अडतीसच्या अडतीस. मग एकीतली बिअर पेल्यात घेऊन वायू जाईपर्यंत ढवळा आणि आकडा बघा. कागदावरच्या आकड्यापेक्षा वर असेल तर लवकर भरली होती. खूपच खाली, १.००४ वगैरे असेल, तर रानटी यीस्ट शिरलंय. दोन्ही बाबतींत परत बुचं लावायच्या फंदात पडू नका, सिंकमध्ये ओता. बाटल्या उजेडात धरून तडा बघा आणि शंका आलेली प्रत्येक बाटली काचेच्या पिंपात टाका.